हलवण्यासाठी घडवलेले कांस्य

सिस्ट्रम हे हातात धरून हलवायचे कांस्याचे वाद्य. मुठीच्या वर गोल वळलेली उंच कमान, कमानीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर भोके आणि त्यांतून आरपार गेलेल्या तीन किंवा चार सळ्या, एवढीच त्याची रचना. भोके सळ्यांपेक्षा मुद्दाम मोठी ठेवलेली असतात आणि सळ्यांची टोके वाकवलेली असतात. त्यामुळे वाद्य हलवले की सळ्या इकडून तिकडे सरकतात, कमानीवर आपटतात, पण निसटत नाहीत. आवाज चिपळ्यांतल्या चकत्यांसारखा बारीक, खळखळता.

लिलावाच्या सूचीत याला ‘रोमन’ म्हणतात. ते अर्धेच खरे. वाद्य मूळचे इजिप्तचे, हाथोर देवीच्या पूजेतले. पुढे ते इसिस देवीच्या हाती आले आणि तिच्या उपासनेबरोबर, भूमध्य समुद्रावरच्या व्यापारी आणि खलाशांच्या मागोमाग, इटलीत पोहोचले. रोमन सत्तेने त्याचे स्वागत केले नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिनेटने इसिसची देवस्थाने पाडण्याचे हुकूम एकाहून अधिक वेळा काढले. इ.स. 19 मध्ये सम्राट तिबेरियसने तिच्या पुजाऱ्यांना कठोर शिक्षा केल्या. रोमन कवी व्हर्जिलने आक्टियमच्या लढाईचे वर्णन करताना क्लिओपात्राच्या हाती सिस्ट्रम दिले, ते तिचा परकेपणा ठसवण्यासाठीच. तरी उपासना टिकली. इ.स. 62 च्या भूकंपात पडलेले पॉम्पेईचे इसिस मंदिर पुन्हा उभे राहिले, तेही पोपिडियस सेल्सिनस या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने. मुक्त झालेल्या गुलामाला नगरसभेत बसता येत नसे; तसा मुक्त गुलाम असलेल्या बापाने मुलाची वाट मोकळी करून घेतली, असा मंदिरावरील शिलालेखाचा अर्थ अभ्यासक लावतात. परक्या देवतेच्या मंदिरावर केलेला खर्च गावात प्रतिष्ठा मिळवून देत होता, हे त्यातून दिसते.

या वाद्याचा अर्थ ग्रीक तत्त्वज्ञ प्लुटार्कने इ.स. 100 च्या सुमारास सविस्तर सांगितला. जगातल्या वस्तूंना सुस्ती येते, त्या मंदावतात. त्यांना सतत हलवत ठेवले पाहिजे. विनाशाचा अधिपती टायफॉन सृष्टीला जखडू पाहतो आणि सिस्ट्रमचा खळखळाट त्याला हटवतो. हलणारे भाग चार, कारण महाभूतेही त्याच्या मते चारच. कमानीच्या माथ्यावर मांजर, कारण तिचा चंद्राशी संबंध. त्यानंतर काही दशकांनी अपुलियसने आपल्या कादंबरीत इसिसच्या हाती दिलेल्या सिस्ट्रमला मात्र तीनच सळ्या आहेत. आज उपलब्ध असलेल्या नमुन्यांतही दोन्ही प्रकार सापडतात. तत्त्वज्ञाला चार हव्या होत्या. ओतारी आपल्या सवयीने चालत होता.

संग्राहकाच्या हाती येते ते याहून वेगळेच काही. मूठ आणि कमान जाड ओतकामाची, म्हणून जमिनीखाली टिकते. सळ्या बारीक आणि सुट्या. त्या गळून पडतात, मोडतात किंवा गंजून भोकांत घट्ट बसतात. म्हणजे नाद ज्या भागातून निघायचा तोच आधी जातो. बाजारातल्या नमुन्यात सळ्या जागच्या जागी आणि सरकत्या असतील, तर जाणकार खूश होण्याऐवजी सावध होतो: त्या मूळच्या आहेत, की दुसऱ्या तुकड्यांतून किंवा नव्या तारेतून बसवल्या आहेत? मधूच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाच्या प्रतिमेवरून, कांस्य ओतण्याची कला आजही लोपलेली नाही. म्हणून नक्कल करणेही अवघड नाही.

ज्या हिरव्या-निळ्या पुटांवर संग्राहक भाळतो, ती तांब्याच्या क्षारांची असतात. घट्ट, गुळगुळीत पूट धातूचे रक्षण करते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर मात्र तो कांस्यरोग: आत अडकलेली क्लोराइडे दमट हवेत धातू पोखरत राहतात. अशी वस्तू कोरड्या हवेतच ठेवावी लागते. ती हलवण्याचा प्रश्नच येत नाही. प्लुटार्कच्या हिशेबाने पाहिले तर पेटीत निश्चल ठेवलेले सिस्ट्रम टायफॉनच्या बाजूला गेलेले आहे.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वस्तू मंदिरात सापडली, घरात की थडग्यात, यावर तिचा अर्थ ठरतो. मंदिरातले सिस्ट्रम सामूहिक पूजेचे, थडग्यातले बहुधा एखाद्या दीक्षित स्त्रीचे किंवा पुरुषाचे. ठिकाण हरवले की उरते ती फक्त शैली. इटलीत जमिनीखालच्या पुरावस्तूंवर 1909 च्या कायद्यापासून सरकारचा हक्क आहे; इजिप्तने 1983 मध्ये पुरावस्तूंचा व्यापारच बंद केला. युनेस्कोच्या 1970 च्या कराराला प्रमाण मानून प्रतिष्ठित संग्रहालये त्या वर्षाआधीची मालकीची नोंद मागतात. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढ्याच शब्दांवर विकली जाणारी वस्तू अस्सल असू शकते, पण तिच्याकडे सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली, ग्रीक समुद्रदेव पॉसिडॉनची छोटी कांस्यमूर्ती याची उलट बाजू दाखवते. आकाराने ती लहान. अशा मूर्ती लिलावात पुष्कळ दिसतात. पण तिचे ठिकाण ठाऊक आहे, आणि तिच्यासोबत कांस्याच्या इतरही वस्तू मिळाल्या. म्हणून तिच्यावरून सातवाहनकालीन दख्खन आणि भूमध्य सागर यांच्यातल्या व्यापाराबद्दल बोलता येते. निनावी सिस्ट्रम कितीही देखणे असले, तरी त्याच्या आधारे एवढे विधान करता येत नाही.

नाद ऐकायचा असेल तर प्राचीन वस्तूची गरजही नाही. जुन्या नमुन्यांच्या मापांवरून नवी सिस्ट्रम ओतून घेता येतात. शिवाय इथियोपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये याच कुळातले त्सेनात्सिल हे वाद्य आजही उपासनेत ढोलाच्या साथीने वाजते.