येणारा कोण?

ज्या नायकाला चित्रपटाच्या अखेरीस क्षेपणास्त्रांच्या वर्षावात प्रत्यक्ष मरताना दाखविले, त्याच नायकाच्या पुनरागमनाची ग्वाही त्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीनंतर एका ओळीत द्यावी, आणि ती ग्वाही देशोदेशींच्या प्रेक्षकांनी विसंगतीची तक्रार न करता स्वीकारावी, ही घटना वरवर पाहता निव्वळ व्यापाराची वाटली तरी माझ्या मते ती तत्त्वज्ञानाच्या प्रांतात मोडते. जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची चित्रपटमालिका १९६२ साली सुरू झाली. २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत मूळ निर्मितिसंस्थेने तिचे पंचवीस चित्रपट काढले, आणि शॉन कॉनरीपासून डॅनियल क्रेगपर्यंत सहा नटांनी ती एक भूमिका वठविली. २०२५ च्या फेब्रुवारीत मालिकेची निर्मिती करणाऱ्या ब्रॉकोली घराण्याने मालिकेवरील सर्जनाचा अखत्यार अ‍ॅमेझॉनच्या हवाली केला, जूनमध्ये डेनी विलनव्ह या कॅनेडियन दिग्दर्शकाचे नाव जाहीर झाले, आणि पुढचा बाँड कोण, तो कोणत्या वाटेने परत येणार, मेला तो मेलाच नव्हता असे सांगणार की सांगणारच नाही, या तर्कांना ऊत आला.

आमेरच्या किल्ल्यात हा प्रश्न मी जितक्या गांभीर्याने चर्चिला जाताना ऐकला तितका अन्यत्र कोठे ऐकला नाही. जलेब चौकातून शिलादेवीच्या मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी आपल्याकडचेच काही महाविद्यालयीन तरुण मागे राहिलेल्या सोबत्यांसाठी खोळंबून उभे होते. वाटाड्याने शीशमहालाची महती सांगताना चित्रपटांचा विषय काढला होता, त्यावरून उदयपूर निघाले, उदयपूरवरून १९८३ सालचा ‘ऑक्टोपसी’ निघाला, ज्यात पिछोला सरोवरातला राजवाडा कथानकाचे एक मुख्य स्थळ झाला आहे, आणि तेथून संभाषण भविष्याकडे वळले. त्यांच्यात सरळ दोन पक्ष पडले होते. दोन्ही पक्षांची मांडणी इतकी नेटकी होती की, शेजारी उभे राहून ऐकण्यात मला संकोच वाटला नाही.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, चेहरा सहा वेळा बदलला तरी माणूस एकच आहे. त्याला प्रमाण म्हणून एकाने स्मृती पुढे केली. १९६९ च्या चित्रपटात, जॉर्ज लेझनबी हा नट असताना, विवाहाच्या दिवशीच बाँडच्या पत्नीची हत्या होते. आणि १९८१ च्या चित्रपटाच्या आरंभी रॉजर मूर हा सर्वस्वी निराळा नट तिच्याच थडग्यापाशी फुले घेऊन येतो. आघात एकावर व्हावा आणि त्याची आठवण दुसऱ्याला राहावी, असे घडत नाही. ज्याअर्थी आठवण आहे त्याअर्थी आठवणारा तोच आहे. त्या मुलाने न्यायशास्त्राचे पुस्तक उघडले असेल असे मला वाटत नाही, परंतु आत्म्याच्या सिद्धीसाठी नैयायिकांनी बौद्धांपुढे शतकानुशतके ठेवलेला युक्तिवाद नेमका हाच होता: एकाने अनुभवलेले दुसरा स्मरू शकत नाही, म्हणून बालपणीचा देह आणि वार्धक्याचा देह भिन्न असले तरी त्या दोहोंना ओवणारा कोणी एक स्थिर असलाच पाहिजे. विचार असा परंपरेवाचून, केवळ विषयावरील प्रेमाच्या बळावर पुन्हा अंकुरतो, हे पाहून मला फार आनंद झाला.

दुसऱ्या पक्षाचे मत निराळे होते. त्यांच्या मते बाँड ही व्यक्ती नसून तो हुद्दा आहे. सरकारी दफ्तरात जसे पद कायम राहते आणि नेमणुका बदलतात, तसा एक हेर कामी आला की त्याचे नाव पुढच्याच्या अंगावर चढते. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो शेवटच्याच चित्रपटातला: त्यात बाँड निवृत्त झाल्यावर शून्य-शून्य-सात हा क्रमांक एका स्त्री हेराला दिलेला असतो. क्रमांक जर असा हस्तांतरित होतो, तर नाव का होऊ नये? शिवाय २००६ च्या चित्रपटात क्रेगचा बाँड नुकताच या दर्जास चढलेला दाखविला आहे, आणि त्याची वरिष्ठ मात्र मागच्या बाँडच्या वेळची तीच अभिनेत्री, जुडी डेंच, आहे. म्हणजे कचेरी जुनी, अंमलदार नवा.

हे मत नव्या पिढीचे म्हणून कोणी हसण्यावारी नेऊ नये. आपल्या पुराणांनी ते स्वर्गाच्या बाबतीत निःशंकपणे मांडून ठेवले आहे. इंद्र ही एक व्यक्ती नव्हे. प्रत्येक मन्वंतराला निराळा इंद्र असतो, आणि आजच्या वैवस्वत मन्वंतरातल्या इंद्राचे नाव पुरंदर एवढेच. व्यासांचेही तसेच. वेदाचे विभाजन करण्यासाठी प्रत्येक द्वापरात एक व्यास होतो आणि महाभारतकार कृष्णद्वैपायन हे त्या मालिकेतले अठ्ठाविसावे, अशी नावनिशीवार यादी विष्णुपुराणात आहे. गादी आणि गादीवरचा माणूस हा भेद राजवाड्यात उभ्या असलेल्या माणसाला तर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमेरच्या गादीवर मिर्झाराजे जयसिंह होऊन गेले, पुढे सवाई जयसिंह आले, आणि त्यांनी १७२७ साली जयपूर वसवून राजधानीच हलविली, तरी गादी कछवाह्यांची राहिली.

“काका, तुम्हीच सांगा, कुणाचं बरोबर?” असे त्यांतल्या एकाने मला विचारले, पण तेवढ्यात त्यांचे सोबती आले आणि तो जथा मंदिराकडे चढून गेला. मी तेथे जे सांगितले असते ते येथे सांगतो.

मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. स्मृतीचा आधार घेणाऱ्याला १९६२ साली ऐन तारुण्यात असलेला पुरुष साठ वर्षांनीही तारुण्यातच कसा, याचा जबाब देता येत नाही. आणि हुद्द्याचा आधार घेणाऱ्याला थडग्यावरच्या त्या फुलांचा. दिवंगत पत्नीचा शोक ही काही खात्यामार्फत नव्या अंमलदाराच्या ताब्यात देण्याची वस्तू नव्हे. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला विचारले होते की, पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा. त्यावर नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही, आणि दोन निराळ्या दिव्यांच्या ज्योतीही म्हणता येत नाहीत. एकीच्या आधाराने दुसरी उजळत गेली, एवढेच सत्य. सहा नटांचा हा एक नायक मला त्या उत्तरात सर्वांत चपखल बसलेला दिसतो. परंतु नागसेनाच्या दिव्याला तेल असते, आणि या नायकाचे तेल कोणते असे विचाराल तर मी म्हणेन, प्रेक्षकाचे वाट पाहणे. दोन चित्रपटांच्या मधल्या वर्षांत, जेव्हा जुना नट निघून गेलेला असतो आणि नव्याची निवड व्हायची असते, तेव्हा हा नायक कोठेच नसतो. पडद्यावर नसतो, पटकथेतही नसतो. तो असतो फक्त आमेरच्या पायऱ्यांवर वाद घालणाऱ्या अशा तरुणांच्या बोलण्यात. म्हणून त्यांचे तर्क मला रिकामटेकडेपणाचे वाटत नाहीत. ज्याचे अस्तित्व काही काळ सर्वस्वी त्यांच्यावर सोपविलेले आहे, त्याला ते सांभाळीत असतात.

अजून न आलेल्याला सांभाळण्याची ही वृत्ती याच मुलखात दगडात कोरलेली आहे. सवाई जयसिंहाने जयपुरास, हवामहालापासून जवळच, कल्कीचे मंदिर बांधले. विष्णूच्या ज्या अवताराचा काळ यायचा आहे त्याची मूर्ती, त्याचा नैवेद्य, त्याची आरती, सर्व काही आगाऊ. आणि देवळासमोर त्याचा संगमरवरी घोडा. त्या घोड्याच्या पायाला एक जखम आहे, ती भरून येईल तेव्हा अवतार प्रकट होईल, अशी तेथे श्रद्धा आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हाच राजा जंतरमंतरचा कर्ता. त्याच्या सम्राट यंत्राची भिंत सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे आणि तिच्या छायेवरून काही सेकंदांच्या फरकाने वेळ सांगता येते. ज्याला परंपरा महाराष्ट्रीय म्हणून ओळखते त्या जगन्नाथ पंडिताने याच राजाच्या आश्रयाने अरबीच्या द्वारे टॉलेमी व युक्लिड संस्कृतात आणले. ग्रहणाचे भविष्य गणिताने नेमके सांगता येते आणि अवताराचे येत नाही, हा भेद ज्याला पुरता ठाऊक होता त्या माणसाने दोन्हींसाठी दगड घडविला. यात मला विसंगती दिसत नाही. जे मोजता येते ते मोजावे, आणि जे मोजता येत नाही पण ज्यावाचून मन तगत नाही, त्यासाठी जागा करून ठेवावी, असा तो विवेक होता.

मात्र येथे एक मर्यादा घातलीच पाहिजे, आणि मराठी माणसाला आमेरात ती आठवल्यावाचून राहत नाही. पात्राच्या जागी दुसरा नट चालतो. जित्या माणसाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही. १६६६ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज आग्र्यास पहाऱ्यात होते आणि मिर्झाराजांचा पुत्र रामसिंह त्यांच्याबद्दल बादशहाला जामीन राहिला होता. आग्र्याहून आमेरच्याच पदरचा परकालदास आमेरला दिवाण कल्याणदासाकडे राजस्थानीत पत्रांवर पत्रे पाठवीत होता. त्या दफ्तरातली पत्रे जदुनाथ सरकार व रघुवीरसिंह यांनी संपादित केली आहेत, आणि ती वाचताना दरबारातले प्रत्येक कुजबुजणे घोडदौडीने या डोंगरापर्यंत पोचत असल्याचा भास होतो. १७ ऑगस्टला महाराज निसटले. बखरी सांगतात की, हिरोजी फर्जंद त्यांच्या पलंगावर शेला ओढून, अंगठी घातलेला हात बाहेर ठेवून निजून राहिला. एका भूमिकेत दुसरा देह, असा तो प्रसंग. पण ती बतावणी काही प्रहरच टिकायची होती. नंतर दिल्लीपासून दख्खनपर्यंत तर्क सुरू झाले, कोण म्हणे काशीच्या वाटेने, कोण म्हणे माळव्यातून, आणि तर्क करणाऱ्या प्रत्येकाचे त्यात काही ना काही गुंतलेले होते. रामसिंहावर बादशहाची इतराजी झाली, त्याचा दरबारप्रवेश बंद झाला. त्या आठवड्यांत राजगडावर जिजाबाईंसमोर जाऊन कोणी म्हणाले असते की, व्यक्ती जाते पण पद राहते, तर ते तत्त्वज्ञान न ठरता क्रौर्य ठरले असते. ज्याच्यावर माया आहे तो एकमेव असतो. त्याच्या बाबतीत नैयायिकाचेच खरे. कथेतल्या हेराविषयी मी नागसेनाचा पक्ष घेतो, माझ्या माणसांविषयी घेऊ शकत नाही, आणि एकाच बुद्धीने दोन ठिकाणी दोन पक्ष घेण्यात मला लाज वाटत नाही.

आता राहिला पुढच्याचा प्रश्न. त्या तरुणांच्या तोंडी जी नावे होती ती सारी मागच्या नटांशी मिळतीजुळती होती: तोच बांधा, तीच ऐट, तेच वय. वाट पाहणाऱ्या मनाला गेलेल्याचीच आकृती पुन्हा हवी असते, हे मी जाणतो. पण पुराणकारांनी आपल्या रिकाम्या जागा कशा भरल्या ते पाहावे. पुढच्या, म्हणजे सावर्णि मन्वंतरातल्या इंद्राचे नाव त्यांनी सांगून टाकले आहे, आणि ते नाव आहे बळी: देवांचा वैरी, विरोचनाचा पुत्र, ज्याला वामनाने पाताळात घातले तो. आपल्या घरोघरी दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य येवो असे म्हणून ओवाळतात, तेव्हा आपण या नेमणुकीला दरवर्षी संमतीच देत असतो. आणि पुढचा व्यास? ज्याच्या वाणीने पुढच्या द्वापरात वेदाची व्यवस्था लागायची, तो द्रोणपुत्र अश्वत्थामा: निजलेल्या पांडवपुत्रांना रात्री मारणारा, कपाळावरचा मणी गमावून भळभळत्या जखमेने रानोमाळ हिंडणारा. ज्याने अठ्ठाविसाव्या व्यासाच्या ग्रंथातले सर्वांत काळे कृत्य केले, त्याच्याच हाती पुराणकाराने एकोणतिसावी लेखणी दिली. मालिकेच्या नव्या धन्यांनी आणि तिच्या चाहत्यांनीही उमेदवारांची यादी करताना एवढ्या धारिष्ट्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते; कारण मेलेला नायक कसा वाचला याचा खुलासा पुराणे मागत नाहीत, ती एवढेच विचारतात की, जो येणार आहे त्याला मध्यंतरी काय भोगावे लागले.