चिंचेने उजळलेली नाणी

माझ्या मावसआजीने लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पाच नाण्यांची किंमत घालवली, आणि मी, पेशाने मास्तर असूनही, तिला नको ते बोललो.

नाणी केनियाची, पितळी, पाच आणि दहा सेंटांची, 1966 सालची. आजोबा नैरोबीला रेल्वेत कारकून होते. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नव्हते अशा रहिवाशांना अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत होती. आजोबांनी अर्ज केला नाही. मुदत टळली, आणि पुढच्याच वर्षी जोमो केन्याटांच्या मुखवट्याची नवी नाणी पगारातून हाती आली. त्या नाण्यांवर केन्याटांचे नावसुद्धा नाही; ते 1969 पासून आले. पहिल्या उमेदीत तो चेहरा कुणाला सांगावा लागत नसावा, अशी माझी आपली समजूत. (आपण 1950 साली माणसाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह घेतले. केनियानेही 2010 च्या घटनेत नाण्यावर व्यक्तीचे चित्र नको असे ठरवले, आणि 2018 पासून तिथे जिराफ, गेंडा, सिंह नि हत्ती आले.)

1968 साली आजोबा सांगलीला परतले ते ही नाणी डबीत घालून. ज्या देशाचे होण्याचे त्यांनी टाळले, त्याची नाणी जन्मभर का जपली, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारता येत नाही.

तर त्या सकाळी आजीने नाणी चिंचेने घासली, राखेने पुसली, हळदकुंकू लावून तबकात मांडली. सोन्यासारखी झळकत होती. नाण्यावरचा काळपटपणा हेच त्याचे वय. तो गेला की जाणकार त्याला हात लावीत नाहीत. मी ओरडलो, "आजी, काय केलंस हे! मातीमोल केलीस!"

ती एवढेच म्हणाली, "अरे, वर्षाचा सण. लक्ष्मीला अंघोळ नको का घालायला?"

परतताना एस्टीत मी स्वतःची बाजू मांडत बसलो. नाणे माझे नव्हे, पुढच्यांचे आहे; त्याचा पुरावा पुसण्याचा हक्क आजीलाही नाही. हा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण साताऱ्यात शिवरायांच्या काळची शिवराई हाती येते, अक्षरे झिजून गुळगुळीत झालेली, तेव्हा तिच्यावरून किती बोटे फिरली याचेच मला अप्रूप वाटते. आणि संग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतो कशाला? जे नाणे कधी बाजारात गेलेच नाही, ज्याने कुणाला मीठ दिले नाही, त्याला. नैरोबीच्या बाजारात ज्या सेंटांनी आजीने भाजी घेतली, त्यांवर तिच्या बोटांपेक्षा माझ्या वहीतल्या नोंदीचा हक्क मोठा कसा?

ओरडण्याबद्दल मी आजीची क्षमा मागितली. ती विसरूनही गेली होती, किंवा तसे दाखवले.

एक शिलिंग मात्र वाचला आहे. तो मी आधीच साताऱ्याला आणला होता. काळवंडलेला, अस्सल. परवा आजीचा फोन आला, "आजोबांचा तो शिलिंग या खेपेला घेऊन ये रे, मी चिंच भिजत घालते."

उद्या सकाळी सातची एस्टी आहे. पिशवी भरून झाली. शिलिंग अजून टेबलावरच आहे.