वजनदार प्रश्न

मोटारसायकलीचं वजन कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण कळतं ते गाडी आडवी झाल्यावर. उभी असते तोवर वजन जमीन सांभाळते आणि रुबाब आपण. आडवी झाली की रुबाब जमिनीवर असतो आणि वजन आपल्या कमरेत. हे शहाणपण मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका पाणंदीत, घोटाभर चिखलात आणि चारचौघांदेखत आलं. शहाणपण एकांतात यायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

मी नगर जिल्ह्यातला. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. कागदावर मी ते न चुकता लिहितो, तोंड मात्र अजून 'नगर' म्हणतं. आकारानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा. आणि वाहनांच्या बाबतीत आमच्या गावानं दोन्ही टोकं गाठलेली आहेत. एकीकडे लष्कराचं रणगाडा संग्रहालय, 1994 पासूनचं, जिथं चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास टनांची धुडं शांतपणे ऊन खात बसलेली असतात. दुसरीकडे लूना. ही 1972 सालची पोर आमच्या नगरच्याच कारखान्यात बनायची. दोघांनी धरली तर जिन्यावरून वर नेता यावी एवढी तिची काया. माझं तारुण्य लूनेवर गेलं. ती अनेकदा बंद पडली, पण तिला घेऊन कुठं अडकून पडल्याचं मला आठवत नाही. बंद पडली की पायडल मारायचं. पायडलानंही ऐकलं नाही तर हाताला धरून घरी आणायची.

नोकरी महसुलात. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. या खात्यात माणसाला दोन गोष्टींची फार जवळून ओळख होते: एक चहा आणि दुसरी रस्ता केस. 'अमक्याने बांध नांगरून वाट अडवली आहे, तरी ती खुली करून मिळावी,' असा तो अर्ज असतो. गावनकाशावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. कागदावर बैलगाडी डौलात जाते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे शेजारी दरवर्षी एकेक तास पुढे सरकतात, आणि पंचवीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट आणि पायवाटेची आठवण होते. मग जमीन महसूल संहितेचं 1966 सालचं कलम 143, किंवा त्याहून म्हातारा 1906 सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा, यांच्याखाली प्रकरण उभं राहतं. आणि एकदा उभं राहिलं की ते बराच वेळ उभंच असतं. त्याला बसवायचं काम साहेबांचं. 'पुढील तारीख' लिहायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं होतं.

पस्तीस वर्षं ज्या वाटा तुटक रेघांत पाहिल्या, त्या निवृत्तीनंतर एकदा चाकाखाली पाहाव्यात, असं मनानं घेतलं. साहेब लोक स्थळपाहणीला जायचे. मी जायचो त्यांच्या भत्त्याच्या बिलात. तेव्हा आता स्वतःची स्थळपाहणी करायची ठरली. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, इंग्लंडमध्ये याचा रीतसर छंद आहे. जुन्या गाडीवाटांवरून हलक्या मोटारसायकली घेऊन हिंडतात. ग्रीन लेन म्हणतात त्याला." आमच्या पाणंदीला इंग्रजी नाव आहे म्हटल्यावर माझी हौस एकदम प्रतिष्ठित झाली.

आता गाडी निवडायची. खरं म्हणजे ती मी 2011 मध्येच निवडली होती. त्या साली हीरोनं 'इम्पल्स' नावाची उंच, सडपातळ, कच्च्या रस्त्याची गाडी काढली. मी विचार करू लागलो. मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता, पावसाळ्यानंतर बघू. मी विचार करीत राहिलो आणि कंपनीनं काही वर्षांत गाडी बंद केली. माझ्या विचारशक्तीचा उद्योगधंद्यावर झालेला तो एकमेव परिणाम. मग हिमालयन पाहिली. नावाप्रमाणेच भव्य, वजन दोनशे किलोच्या घरात. तिच्यावर बसलो तेव्हा राजा वाटलो, ढकलून पाहिली तेव्हा हमाल. अखेर 2019 साली आलेल्या 'एक्सपल्स'वर मन बसलं आणि एक जुनी, कमी वापरलेली मिळाली. पुढचं चाक एकवीस इंची, म्हणजे दगडाला घाबरणार नाही असं. पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर. वजन दीडशे किलोच्या थोडं पुढं. बैठक मात्र ऐंशी सेंटिमीटरांहून उंच. माझ्या पायांची स्थिती कचेरीतल्या अर्जांसारखी झाली: एक पोचला की दुसरा प्रलंबित.

इथंच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण गाडी घेणाऱ्याला एक नवा शब्द चिकटतो, 'अपग्रेड'. सुरुवात रास्त होती. गुळगुळीत टायर काढून गाठीगाठींचे घातले. चिखलात त्यांना पर्याय नाही. मागचं दातेरी चक्र दोन दातांनी मोठं केलं; वरचा वेग थोडा गेला, पण चढावर गाडी चालत्या माणसाच्या वेगानं न गुरगुरता जाऊ लागली. हँडलवर पंजे झाकणाऱ्या ढाली बसवल्या, कारण बाभळीला माणसाचे पंजे आवडतात. आणि कच्च्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी करावी, हे एका पंक्चरवाल्यानं फुकट सांगितलं. पुढं जाऊन कळलं की सगळ्या अपग्रेडांत हेच सर्वांत गुणाचं होतं. पण फुकट असल्यामुळे तेव्हा त्याचं कौतुक वाटलं नाही.

यापुढं जे झालं ते लंगोटीसाठी मांजर पाळणाऱ्या साधूच्या वळणावर गेलं. पडलीच तर इंजिनाला लागू नये म्हणून भक्कम लोखंडी गार्ड. गार्डानं वजन वाढलं म्हणून मागं कडक स्प्रिंग. आता स्प्रिंग आहेच, तर कॅरियर. कॅरियर रिकामं वाईट दिसतं म्हणून दोन बाजूंना पेट्या. पेट्यांत अवजारं, दोर, पंप, प्रथमोपचार. रात्री मी नऊला झोपतो, तरी समोर दोन जादा दिवे. पेट्रोलचा जादा डबा. वास्तविक आमच्या जिल्ह्यात पंपाहून पंप दिसतो. प्रत्येक वस्तूच्या समर्थनाला एकच वाक्य होतं: "वेळ आली तर." हिनं एकदा गाडीभोवती शांतपणे फेरी मारली आणि म्हणाली, "मुलीच्या लग्नात रुखवत याहून कमी होतं."

तर अशा त्या रुखवतासह मी हिंडू लागलो. डोंगरगणच्या बाजूनं, मांजरसुंब्याच्या गडाखालून, चांदबिबी महालाच्या पाठीमागच्या माळानं. (तो महाल मुळात सलाबतखानाची कबर आहे; पण नगरमध्ये एकदा नाव पडलं की पडलं.) मुरमाड माळावर सगळं ठीक होतं. खरी परीक्षा काळ्या रानात. आयुष्यभर चाकोरीबाहेरचं काही करायची माझी इच्छा होती. गाडीवाटेवर समजलं की चाकोरी ही केवळ साहित्यातली गोष्ट नाही. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेली ती खरोखरची खोल घळ असते, आणि पुढचं चाक एकदा तिच्यात उतरलं की बाहेर येण्याचा निर्णय आपल्या हाती राहत नाही. चाकोरीबाहेर पडायला धाडस लागतं, हे खरं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी हलकी लागते.

तो दिवस श्रावणातला. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेल. सकाळी सातची वेळ, दोन्हीकडे घायपाताचं कुंपण, मधे ओली पाणंद. चाकोरीतून वर काढायला मी हँडल वळवलं, चाकानं नकार दिला आणि रुखवत वाटेवर आडवं झालं, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. मी उचलू लागलो. काळी माती बुटांना धरते, सोडत नाही. अवजारांची पेटी खालच्या बाजूला. 'वेळ आली तर' म्हणून जे जे घेतलं होतं, ते ते वेळ आल्यावर माझ्या विरुद्ध बाजूनं ओढत होतं.

एवढ्यात मागून मोपेड आली. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्याच्याही गाडीला अपग्रेड होतं: गावच्या लोहाराकडून वेल्डिंग करून घेतलेले दोन लोखंडी आकडे, ज्यांत कॅन अडकतात. बस्स. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता माझ्या गाडीला हात घातला. आमच्या दोघांनी ती उठेना. मग तो रानातून आजोबांना आणि आणखी एकाला घेऊन आला. पेट्या काढल्या, गाडी उभी झाली. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मुलगा सुसाट निघाला आणि थोड्या वेळात तसाच परत आला. कॅन भरलेलेच. साडेसातला दूधकेंद्र बंद होतं.

तीस लिटर दूध. मी खिशात हात घातला. मुलगा म्हणाला, "तुमी दूध घेतलं का? मग पैशे कशाचे?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. "आई आटवंल, बघू," म्हणून तो घराकडे वळला.

आजोबांनी विचारलं, "कुणाकडं आला व्हता?"

"कुणाकडं नाही."

"मंग कशापायी?"

"सहज."

"सहज?" त्यांनी तो शब्द हातात घेऊन पाहिल्यासारखा उच्चारला. राग नव्हता. त्या वाटेवरून जो जातो तो कुणाकडे तरी जातो, कशासाठी तरी जातो. सहज जाणारा त्यांनी प्रथमच पाहिला होता. मग ते म्हणाले, "दोन वर्सं तारखा केल्या आमी ह्या वाटंसाठी. तवा ही खुली झाली."

मी हेल्मेट काढलं नाही. सर्व्हे नंबर मला पाठ होता. त्यातल्या बऱ्याच तारखा माझ्या सुंदर अक्षरात होत्या.

घरी येताना डोक्यात कलम 143 घोळत होतं. वाटेचा हक्क ठरवताना शेतकऱ्याला आपल्या शेतात जायची गरज काय, हे तहसीलदारानं पाहावं, असं त्या कलमात आहे. कायद्यानं शब्द 'गरज' वापरला आहे. हौसेबद्दल कायदा काही बोलत नाही. विरोधातही बोलत नाही. इंग्लंडात मात्र तो बोलला: 2006 च्या कायद्यानं तिथल्या कितीतरी जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क काढून टाकला. वाटा बारीक आणि हौस जाड, असं झालं की कुणाला तरी बोलावं लागतंच.

तुम्ही म्हणाल, मग हौस करूच नये का? तसं मला वाटत नाही. सगळेच गरजेपुरते चालू लागले तर जगात कुणी कुणाचं गाव पाहणार नाही, आणि मी तर पाहिलं नव्हतं म्हणूनच पस्तीस वर्षं निर्धास्तपणे तारखा लिहू शकलो. त्या रेघेच्या शेवटी तीस लिटर दूध असतं, हे फायलीत कुठं दिसत नव्हतं. प्रश्न हौसेचा नाही, तिच्या वजनाचा आहे. माझी हौस पडली तर ती मला एकट्याला उचलता आली पाहिजे. ती उचलायला दुसऱ्याला रानातलं काम टाकून यावं लागत असेल, तर तेवढी ती माझी नव्हे. तेवढी मी त्याच्याकडून उसनी घेतलेली आहे, आणि तीही न विचारता.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात गोधडी अंथरली आणि गाडी मुद्दाम आडवी केली. शेजारी गच्चीत आले. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या सांगाड्याला, आणि कमरेनं न उचलता पायांनी मागं रेटत उठायचं, अशी पद्धत आहे. नाही उठली. एक पेटी काढली. नाही उठली. दुसरी काढली, डबा काढला, दिवे काढले, कॅरियर काढलं, लोखंडी गार्ड काढलं. सातव्या खेपेला गाडी उठली. तेव्हा जे तिच्यावर शिल्लक होतं, तेवढंच आता आहे: टायर, दातेरी चक्र, हातांच्या ढाली, आणि खांद्यावरच्या पिशवीत पंप. हिनं विचारलं, "काढलेलं सामान कुठं ठेवायचं?" हा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

महिन्याभरानं त्याच पाणंदीत गेलो. केंद्र बंद झाल्यानंतरची वेळ साधली होती. आजोबा बांधावर होते. मी हेल्मेट काढलं आणि म्हणालो, "बाबा, एक सांगायचंय. मी कचेरीत होतो. तुमच्या तारखा..."

"ठावं हाय," आजोबा म्हणाले. "तवाच वळखलं. हेल्मेटाला काच हाय की."

मला काही सुचेना. आजोबांनी तंबाखू मळली, माझ्यापुढं धरली, मी नाही म्हणाल्यावर स्वतः खाल्ली. मग मागं पाहत म्हणाले, "नातू येतोय वैरण घिऊन. गाडी जरा बाजूला घ्या."

घेतली. एकट्यानं.