उपचार होता, तरी

अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, बाळंतपणातला रक्तस्राव, गोवर, गर्भाशयमुखाचा कर्करोग, वाढत गेलेला रक्तदाब. यांतला एकही आजार आज वैद्यकाला कोड्यात टाकत नाही. १९७६ साली हार्वर्डचे डेव्हिड रटस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजारांची यादी मांडली. त्यांचा आग्रह एवढाच होता, की यातून एक जरी माणूस दगावला तरी ‘हे कसं झालं?’ अशी चौकशी व्हायला हवी.

पुढे लंडनमधल्या एलेन नोल्टे आणि मार्टिन मकी यांनी हीच कल्पना घेऊन १९ संपन्न देशांची तुलना केली. पंचाहत्तरीच्या आत आलेले, वेळेवर उपचार झाले असते तर टळले असते असे मृत्यू त्यांनी मोजले. हृदयविकाराचे मृत्यू मात्र निम्मेच धरले. कारण त्यात तंबाखू, आहार, गरिबी यांचाही वाटा असतो. डॉक्टरांच्या पदरात नको ते श्रेय टाकायचं नाही आणि नको तो दोषही द्यायचा नाही, ही सचोटी मला फार मोलाची वाटते.

१९९७-९८ ते २००२-०३ या काळात हे मृत्यू या देशांत सरासरी १६ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत घट फक्त ४ टक्के. आधी तिच्याही मागे असलेले ब्रिटन, आयर्लंड, पोर्तुगाल पुढे निघून गेले आणि ती शेवटच्या क्रमांकावर आली. फ्रान्समध्ये लाखामागे सुमारे ६५ मृत्यू, अमेरिकेत सुमारे ११०. पहिल्या तीन देशांइतकी मजल मारली असती, तर तिथे वर्षाला सुमारे १,०१,००० माणसं वाचली असती.

एवढ्या प्रयोगशाळा असलेल्या देशात हे व्हावं याचं दुःख होतं. तिथे १९८६ पासून कायदा आहे: तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. म्हणजे पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला दार उघडं आहे. पण तोच माणूस दहा वर्षं आधी, काहीही दुखत नसताना, रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठी आला, तर त्याच्याकडे विमा आहे का, हा प्रश्न आडवा येतो. गोळी रोजची, वर्षानुवर्षांची. तिची निकड कुणाला दिसत नाही. मला वाटतं, यादीतल्या आजारांनी दगावणारी कितीतरी माणसं याच दहा वर्षांत हातची जातात.

वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसाखाणीच्या गावातले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी ही दहा वर्षं ओळखली होती. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोहोचते, असं त्यांनी १९७१ साली लिहिलं. खरं तर ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार मोफतच होते. पण मोफत दवाखान्यातही सगळे येत नाहीत. म्हणून हार्ट यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायला घेतला. नुसते आलेले तपासले नाहीत. कोण आलं नाही हे पाहून त्यांचाही पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब १९९१ मध्ये छापून आला, तेव्हा शेजारच्या गावाच्या मानाने ग्लिनकोरगमध्ये अकाली मृत्यू कमी असल्याचं दिसलं. त्यासाठी त्यांनी नवं औषध शोधलं नव्हतं. रक्तदाब मोजायचा पट्टा, नोंदींची कार्डं आणि न आलेल्यांची नावं, एवढ्यावर हे काम उभं होतं.