हिवाळा कुणाच्या छपराखाली काढला?

‘द सिम्स ४’ या संगणकीय खेळात एकट्या माणसाचे नवे घर थाटायला घेतले की त्याच्या खात्यात वीस हजार सिमोलियन जमा होतात. सिमोलियन हे त्या जगातले चलन, आणि तिथल्या माणसाला म्हणायचे ‘सिम’. जगभरचे खेळाडू मात्र हे पैसे हौसेने नाहीसे करतात. ते एक रिकामा लॉट घेतात, उरलेली रक्कम चीट (खेळाचे नियम वाकवणारा कोड) टाकून शून्यावर आणतात आणि त्या मोकळ्या जमिनीवर आपला सिम उभा करतात. त्याला नोकरी नाही, चूल नाही, अंथरूण नाही. बेडूक पकडायचे, दगड खणायचे, गळ टाकून मासे धरायचे, रानातली फळे तोडायची, ते सगळे विकायचे आणि हळूहळू वाडा उभा करायचा. याला ‘रॅग्ज टू रिचेस चॅलेंज’ म्हणतात. खेळाडूंनीच पाडलेली ही रीत इतकी रुजली की २०२१ मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीनेही शून्यापासून दहा लाखांपर्यंत पोचण्याचा एक तयार ‘सिनॅरिओ’ खेळात घातला.

या आव्हानाकडे मी गांभीर्याने पाहतो. गरिबीविषयीची आपली समजूत काय आहे, हे त्यातून फार स्वच्छ दिसते. ती समजूत कुठे अडखळते हेही दिसते, पण त्यासाठी खेळात हिवाळा यावा लागतो.

२०१४ साली आलेल्या मूळ खेळात ऋतूच नव्हते. पाऊस, बर्फ, उष्णतेची लाट, वीज हे सगळे जून २०१८ मध्ये ‘सीझन्स’ नावाच्या एक्स्पान्शन पॅकमधून आले आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागले. आधीच्या दोन आवृत्त्यांतही असेच घडले होते. २००७ मध्ये आणि २०१२ मध्ये ऋतू मागाहून, स्वतंत्रपणे विकले गेले. ऋतू नसलेल्या जगातली गरिबी म्हणजे एक लांबलेली सहल असते. सिम बाकावर झोपतो, बागेतल्या ग्रिलवर मासा भाजतो, उठून पुन्हा बेडूक शोधायला लागतो. बिछाना नाही म्हणून त्याचे अंग दुखते, तो चिडचिडतो, पण उघड्यावर राहिल्याने मरत नाही. २००९ मध्ये एका ब्रिटिश विद्यार्थ्याने ‘सिम्स ३’मध्ये केव्ह हा बेघर बाप आणि ॲलिस ही त्याची मुलगी निर्माण केली आणि त्यांची हकिगत लिहिली. ती खूप गाजली. ॲलिस आपला पगार दान करून टाकते, तो प्रसंग अनेकांना हलवून गेला. ती उपाशी राहिली, शाळेत पेंगली, पण थंडीने गारठली नाही, कारण तेव्हा त्या आवृत्तीत थंडीच नव्हती.

‘सीझन्स’ घातल्यावर सगळा हिशेब बदलतो. थंडीत बाहेर राहिलेल्या सिमला आधी नुसते गार वाटते, मग तो कुडकुडतो, मग गोठायला लागतो, आणि तरीही आसरा मिळाला नाही तर मरतो. काळा झगा घातलेला यमदूत येऊन त्याला घेऊन जातो. उन्हाळ्यातल्या अतिउष्णतेचेही तसेच. त्यामुळे बाहेर घालवलेल्या प्रत्येक तासाला किंमत येते. ज्या फळझाडांवर पोट चालत होते ती आपला हंगाम सरताच झोपी जातात. छपराखालच्या बागेत ती बारमाही फळतात, पण मुळात छप्परच नाही. काल दिवसभर रानात फिरून जेवढे मिळायचे तेवढे आज मिळवायचे, तर मधेमधे ऊब शोधायला धावायचे आणि मग परत कामाला लागायचे. पूर्ण दिवसाचे काम तुकड्या-तुकड्यांत होते. खात्यातला आकडा वसंतातही शून्य होता आणि हिवाळ्यातही शून्यच आहे, तरी या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पैशाचा अभाव हा गरिबीचा एक भाग झाला. आपल्या शरीराच्या आणि आभाळाच्या मधे काहीही नसणे हा तिचा अधिक कठोर भाग आहे. हा दुसरा भाग खेळाडूला हवामानामुळे पहिल्यांदा समजतो.

मग सिम तगतो कसा? अनुभवी खेळाडू नवख्यांना जे सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. घर बांधायच्या मागे लगेच लागू नका, थंडी वाढली की ग्रंथालयात जा. ‘विलो क्रीक’ हे खेळातले एक गाव. तिथे ग्रंथालय आहे, संग्रहालय आहे, व्यायामशाळा आहे, रात्रीचा क्लब आहे. व्यायामशाळेत अंघोळ होते, ग्रंथालयात पुस्तके वाचून कौशल्य वाढते, संग्रहालयात चित्र काढायला मिळते. संडास सगळीकडे आहेत. या इमारतींना दार बंद करण्याची वेळ नाही. मळक्या कपड्यांतल्या माणसाला कुणी ‘सभासद आहात का’ असे विचारत नाही. सोफ्यावर डुलकी लागली तर पहारेकरी काठी आपटत नाही. पहाटे तीन वाजताही आत दिवे असतात, ऊब असते. सात दिवसांचा हिवाळा सिम तिथे काढतो, आणि वसंत आला की परत आपल्या लॉटवर येऊन चार भिंती उभारायला लागतो.

या खेळातली सर्वांत खरी गोष्ट ही आहे, असे मला वाटते. उघड्यावरचा माणूस कडाक्याच्या हवेत जगतो तो काटकसरीने किंवा जिद्दीने नव्हे. सर्वांच्या मालकीचे, फुकट आणि रात्रंदिवस उघडे असलेले छप्पर मिळाले तर तो जगतो. जिद्दीचा उपयोग नंतर होतो, आधी रात्र निभावावी लागते. पण आव्हान पुरे झाल्यावर खेळाडू जी कहाणी सांगतात तिच्यातून ग्रंथालय गळून पडते. पहिला मासा असतो, पहिली भिंत असते, शेवटी तरणतलाव असलेला बंगला असतो. हिवाळ्याच्या रात्री कुठे गेल्या, याची नोंद सहसा नसते.

हे विस्मरण जुने आहे. ‘चिंध्यांतून वैभवाकडे’ या कहाणीचा अमेरिकेतला मोठा प्रसारक होरेशियो आल्जर. त्याची ‘रॅगेड डिक’ ही कादंबरी १८६८ मध्ये पुस्तकरूपाने आली. नायक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूट पॉलिश करणारा, गवत भरलेल्या लाकडी खोक्यात झोपणारा पोरगा. आल्जरचे नाव आज स्वकष्टाचे दुसरे नाव म्हणून घेतले जाते. प्रत्यक्षात डिकचे नशीब फिरते ते एका मुलाला बुडताना वाचवल्यावर, त्या मुलाच्या बापाने नोकरी दिल्यामुळे. आणि आल्जरला अशा मुलांची माहिती मिळाली ती मुख्यतः ‘न्यूजबॉइज लॉजिंग हाउस’मध्ये. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १८५४ मध्ये सुरू केलेल्या त्या निवाऱ्यात वर्तमानपत्रे विकणाऱ्या पोरांना काही सेंटांत रात्रीचा बिछाना मिळे. आल्जर तिथे नेहमी जात असे. कीर्ती मात्र मुलांच्या कष्टांच्या वाट्याला आली आणि तो बिछाना बाजूला राहिला.

खेळ गरिबाला आणखीही बरेच काही गुपचूप देऊन टाकतो. खिशात दमडी नसली तरी सिमच्या अंगावर उबदार कोट असतो, कारण ‘सिम्स ४’मध्ये कपड्यांना किंमतच नाही. थंडीचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे, बूट, टोपी हे सगळे सिम घडवतानाच फुकट ठरवता येते. खऱ्या गरिबाकडे जे सर्वांत आधी कमी पडते ते इथे मुबलक आहे. शिवाय ऋतू शब्दाला जागतो. हिवाळा सात दिवसांचा ठरला की सातच दिवसांचा. आणि फारच जड झाले तर सेटिंग्जमध्ये जाऊन तापमानाचा परिणाम बंद करण्याचीही सोय आहे. ही सोय कुणी वापरली म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही. खेळ आहे, आनंदासाठीच खेळावा. पण कंगाल सिमच्या वाट्याला काय काय आलेले असते ते माहीत असावे.

त्यातले सर्वांत मोठे देणे म्हणजे जमीन. सिम कितीही कफल्लक असला तरी तो उभा असतो तो लॉट त्याचा असतो. तिथून त्याला कुणी उठवत नाही. हे किती मोठे आहे, हे मुंबईला सांगायला नको. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. लोकांच्या खोपटांवर हातोडे पडले, काहींना बसमध्ये घालून शहराबाहेर नेले गेले. त्याविरुद्ध उभा राहिलेला खटला म्हणजे ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका’. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालाचे गाजलेले सूत्र. तरीही पदपथावरून हटवण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, कुणाला हलवू नये असेही सांगितले. कायद्याच्या अभ्यासकांना हे कलम किरकोळ वाटत असेल. मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण बेघर माणसाचे अंग भिजते, याची दखल देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तिथे घेतली.

त्याच १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये दुसरा एक खटला मिटत होता. रॉबर्ट कॅलाहान हा बावरी भागात उघड्यावर राहणारा माणूस. त्याच्या नावाने १९७९ मध्ये दावा दाखल झाला होता. ऑगस्ट १९८१ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने शहरावर बेघर पुरुषांना निवारा देण्याचे बंधन आले. कॅलाहान मात्र हुकूमनाम्यावर सह्या होण्याआधीच रस्त्यावर मरून गेला होता. आपल्याकडे दिल्लीत डिसेंबर २००९ च्या थंडीत पुसा रोडजवळचा तात्पुरता निवारा पालिकेनेच पाडला. त्यानंतर, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा असावा असे निर्देश राज्यांना दिले. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख माणसे बेघर नोंदली गेली.

कुणी म्हणेल, खेळाकडून इतकी अपेक्षा कशाला? कारण खेळ नियमांमधून बोलतो. खेळांचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी २००७ मधल्या ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या पुस्तकात हेच मांडले आहे: नियम खेळवून घेता घेता आपल्याला काहीतरी पटवत असतात. आणि या खेळाचा उगमच छप्पर गमावण्यात आहे. २० ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर कोरड्या, तापलेल्या वाऱ्याने आग पसरली. २५ माणसे गेली. जळालेल्या हजारो घरांत ‘सिम्स’चे जनक विल राइट यांचेही घर होते. पुन्हा संसार उभा करताना कोणती वस्तू आधी घ्यावी लागते, याचा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला आणि त्यातून २००० साली पहिला ‘सिम्स’ आला. हवेने घर नेले म्हणून जन्मलेल्या खेळात हवा मागाहून विकत घ्यावी लागते, याची मला खंत वाटते.

हे आव्हान खेळणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. एकदा हिवाळ्यातच सुरुवात करा, सगळ्या परिणामांसह. रात्री दहा ते सकाळी सहा ग्रंथालय, संग्रहालय, व्यायामशाळा यांच्यात पाऊल टाकायचे नाही, असा नियम स्वतःला घाला. सिमला उबदार कपडे घालू नका, ते कमाईतून ‘विकत’ घ्या आणि तेवढे पैसे खात्यातून वजा करा. मग तुमचा सिम किती दिवस टिकतो ते पाहा. त्यानंतर आपल्या शहराच्या पालिकेत जाऊन विचारा, की एक लाख माणसांमागे एक या हिशेबाने इथे किती निवारे असायला हवेत आणि आज रात्री त्यांतल्या किती ठिकाणी दार उघडे आहे.