जुनी गाडी आणि नवे बळ

जुन्या वस्तूस नवे बळ द्यावे, की तिला निरोप देऊन नवी आणावी, हा प्रश्न वरवर पाहता जमाखर्चाचा दिसतो. मोटारीच्या बाबतीत तो नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. आणि हडपसरसारख्या गजबजलेल्या ठिकाणी राहणाऱ्या मनुष्यास तर तो विशेषच लागू पडतो.

उदाहरण जवळचेच घेऊ. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ही लहानशी मोटार २०१३ साली बाजारात आली. इंजिन अवघे १.२ लिटरचे, परंतु टर्बोचार्जरच्या साह्याने ते १०५ अश्वशक्तीचा जोर देई. टर्बोचार्जरची युक्ती आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूने एक चक्र फिरवावयाचे व त्याच्या बळावर इंजिनात जास्त हवा कोंबावयाची. हवा वाढली की इंधन जास्त जाळता येते आणि जोर वाढतो. हा दाब किती असावा हे गाडीतील संगणक ठरवितो, आणि त्याच्या आज्ञा बदलल्या तर एकही खिळा न हलविता जोर चढविता येतो. २०२२ साली पोलो बंद झाली आणि त्याच वर्षी १५० अश्वशक्तीची व्हर्टस जीटी आली. तेव्हा जुन्या गाडीच्या धन्यापुढे दोन वाटा आहेत: काही हजारांत जुनीच जोरकस करणे, किंवा काही लाख मोजून नवी घेणे.

पहिल्या वाटेचे समर्थन उपेक्षणीय नाही. चालती वस्तू टाकणे हा अपव्यय होय; शिवाय जिने वर्षानुवर्षे साथ दिली तिच्याविषयी ममता असणे हे मनाच्या ओलाव्याचेच लक्षण आहे. तथापि येथे जोपासना आणि वाढ यांची गल्लत होते. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जतन करताना कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसविल्या, अशी कथा प्लूटार्कने सांगितली आहे. ते जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालीत आले. पण जहाज होते तसे राहावे हा हेतू तरी निर्विवाद होता. जुन्या मोटारीचा जोर वाढविणारा मनुष्य नेमके उलट इच्छितो. ती होती तशी राहू नये, हीच त्याची इच्छा. नाव मात्र तो निष्ठेचे घेतो.

कारागीर म्हणेल, गाडी हा भार सोसते. गिअरबॉक्सपुरते हे खरेही आहे. पोलोच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, तर मूळ इंजिनाचा पीळ १७५. पण जोराबरोबर आवर वाढला काय? मागच्या चाकांस ड्रम ब्रेक होते ते तसेच राहतात. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने वाढला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ पावणेदोनपट होते. हा हिशेब ममतेस जुमानीत नाही.

कायद्याचेही एक म्हणणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. परंतु संगणकातील आज्ञा बदलल्याची खूण बाहेरून दिसत नाही, आणि जेथे शिपायाची दृष्टी पोहोचत नाही तेथे सदसद्विवेकाचे काम सुरू होते. विमा उतरविणारा, उद्या ती गाडी विकत घेणारा, शेजारी बसलेली पत्नी, यांपैकी कोणास हा गुप्त जोर ठाऊक असतो? ज्याचा धोका इतरांनी वाटून घ्यावयाचा, ती गोष्ट त्यांच्यापासून लपविणे हेच आमच्या मते या प्रकरणातील वैगुण्य होय. नवी जोरदार मोटार आपले बळ उघड सांगते, आणि तिचे ब्रेक, टायर व सांगाडा त्या बळाच्या मापाने घडविलेले असतात. तिच्या धन्याची हौस महाग असेल, पण ती प्रामाणिक आहे.

म्हणून नव्या गाडीचा धनी निर्दोष ठरला असे मात्र नव्हे. सोलापूर रस्त्यावर गाडीतळापाशी बसमधून उतरणारी म्हातारी आणि मगरपट्ट्यातून पायी घरी निघालेला कामगार यांस १५० अश्वशक्तीचा काय उपयोग? ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघाल्या म्हणजे हडपसरवरूनच पुढे जातात. रस्ता हा मुळात चालणाऱ्याचा आहे, ही आठवण त्या दिवशी होते. ती वर्षभर राहावी.

तेव्हा ज्यास जुन्या गाडीचा लळा आहे त्याने तिला नवे टायर, नवे ब्रेक-पॅड, ताजे तेल द्यावे आणि तिचा जोर आहे तितकाच राहू द्यावा. ज्यास वेगाचीच ओढ आहे त्याने ती ओढ कबूल करून, ऐपत असल्यास, नवी गाडी घ्यावी, आणि तिचा सगळा जोर चेन्नई किंवा कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर आजमावावा. मनुष्याच्या हाती किती शक्ती असावी याचे माप एकच: ती वेळेवर थांबविता येईल तितकीच.