कातडी निवळल्यावर

सोरायसिसमधला सगळ्यात अवघड काळ म्हणजे चट्टे निवळलेले असतात तो, असं सांगितलं तर नव्या रुग्णाला पटत नाही. अंग फुललेलं असतं, खाज झोपू देत नाही, काळ्या शर्टाच्या खांद्यावर कोंडा सांडलेला असतो, तेव्हा औषध घ्यायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. कोपर, गुडघे स्वच्छ झाले की मात्र मलमाची ट्यूब कपाटात मागे सरकते, तपासणीची तारीख टळते आणि घरचे म्हणतात, "सुटला एकदाचा!" बरीच वर्षं हा आजार अंगावर वागवल्यावर माझं मत असं झालंय, की आजार सांभाळायचा तो याच दिवसांत.

आमचं घर बीरगांवात. वडील गोंदियाहून रायपूरच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये नोकरीला आले, मी उरला औद्योगिक क्षेत्रातल्या एका रोलिंग मिलमध्ये हिशेब पाहतो. एकीकडे उरला, दुसरीकडे सिलतरा. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्यामुळे कुणाच्या हातावर लाल चट्टा दिसला, की गल्लीचं निदान तयार असतं: "धूल की एलर्जी है, भैया." पण सोरायसिस धुळीने होत नाही. आनुवंशिक कल असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर चाल करून जाते. ज्या पेशींनी तळापासून वर यायला साधारण महिना घ्यायचा, त्या तीन-चार दिवसांत वर येतात, झडायला सवड न मिळाल्याने साचतात आणि चंदेरी पोपडे धरतात.

धूळ त्रास देते ती आडवाटेने. पाळी संपवून आलेला कामगार काजळी काढायला कपड्याचा साबण घेतो, वज्रीने कोपर घासतो. सोरायसिसच्या कातडीला जिथे ओरखडा, भाजणं किंवा घासणं सोसावं लागतं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टराने एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेवलं. म्हणून आमच्यासारख्यांनी कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने नुसतं टिपणं आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावणं, एवढं रोज पाळायचं. डिसेंबर-जानेवारीतली इथली कोरडी थंडी कातडी तडकवते, तेव्हा तर दोनदा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात कुणाला पराक्रम दिसत नाही, म्हणूनच ते आधी सुटतं.

दुसरं ओझं नजरांचं. छत्तीसगढमध्ये कुष्ठरोग अजूनही सापडतो, त्यामुळे पोपडे धरलेला हात पाहून समोरचा दचकतो. युरोपातही या दोन रोगांची शतकानुशतकं गल्लत होत होती. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रांनी सोरायसिस निर्विवादपणे वेगळा काढला. कुष्ठरोगाला औषध आहे, तो पूर्ण बरा होतो. सोरायसिस तर मुळातच संसर्गजन्य नाही. तरीही "आम्ही त्यांतले नव्हे" असं म्हणून सुटका करून घेणं मला पटत नाही. बिलासपूरच्या पुढे चांप्याला सदाशिव गोविंदराव कात्रे या मराठी माणसाने १९६२ मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. रेल्वेत नोकरी केलेले कात्रे स्वतः कुष्ठरुग्ण होते. पुढे अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापटांनी आयुष्य त्या कामाला दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या प्रदेशात हे काम झालं, तिथे कातडीवरून दूर सारलं जाण्याची लाज रुग्णाने का बाळगावी?

या लाजेवरच "जड से खत्म" म्हणणाऱ्यांचा धंदा चालतो. कागदात बांधलेल्या पुड्यांनी आठवड्यात अंग साफ होतं, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुडी थांबली की आजार दुप्पट जोमाने उसळतो. कधी सगळं अंग लाल होऊन सोलतं, कधी पूभरले फोड येतात आणि रुग्णालय गाठावं लागतं. लावायच्या स्टेरॉइडचं तंत्रही तेच. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीपुरतं ते उत्तम औषध आहे. दुकानदाराने सुचवलेली ट्यूब महिनोन्‌महिने चोळली, तर कातडी पातळ होते.

खरे उपचार पायरीपायरीने चढतात: मलमं, मग ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा प्रकाशोपचार, मग मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या, शेवटी बायोलॉजिक इंजेक्शनं. ही इंजेक्शनं महाग असतात आणि त्याआधी क्षयाची तपासणी लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. ती गरोदरपणात चालत नाही, दारूशी जमत नाही, आणि ती चालू असताना रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळी व्हावी लागते. रायपुरात मेकाहारा आणि एम्स ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञासाठी नागपूर गाठायची गरज नाही.

आजार कातडीपुरता थांबतोच असंही नाही. नखांवर बारीक खळगे, सकाळी आखडलेली बोटं, टाचेचं दुखणं हे सांध्यांवर आल्याचे इशारे असू शकतात. उशीर केला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. वाढलेलं वजन, दारू, सिगारेट, घशाचा संसर्ग आणि मनावरचा ताण आजाराला पेटवतात. मलेरियासाठीच्या क्लोरोक्विनसारख्या काही औषधांनीही तो भडकू शकतो, म्हणून तापाच्या डॉक्टरलाही आपला सोरायसिस सांगावा.

मिलमध्ये एक नियम आहे: भट्टी धडधडत असते तेव्हाच तिच्या विटांकडे लक्ष ठेवायचं, ढासळल्यावर नव्हे. निवळलेल्या कातडीला तोच नियम लागू आहे. प्रतिकारशक्तीचा कल जात नाही. तो फक्त दबलेला असतो. त्यामुळे "कधी बरा होईल?" या प्रश्नाने मी डॉक्टरांना छळत नाही. झोप लागते का, काम होतं का, सांधे मोकळे आहेत का, रक्ताचे आकडे ठीक आहेत का, एवढं विचारतो. या प्रश्नांची उत्तरं मिळतात आणि त्यांवर काही करताही येतं.

तुमच्या घरात असा कुणी असेल, तर अंग साफ दिसल्यावर "आता कशाला औषध?" असं त्याला म्हणू नका. त्या दिवशी त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख कोणती, तेवढं विचारा.